सापांसाठी उंदरांची पैदास : घरगुती छंद, पूरक व्यवसायाचा मोह आणि शेतीचा हिशेब

जानेवारी २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने बंगळुरूच्या विमानतळावर विदेशी प्राण्यांची तस्करी पकडली. त्या धाग्यावरून शहराजवळच्या एका फार्महाऊसची झडती घेतली असता तेथे ४८ प्रजातींचे १३९ प्राणी आढळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात ५५ बॉल पायथन आणि १७ नागराज सापडले. एप्रिल २०२४ मध्ये एका प्रवाशाच्या बॅगेतून १० पिवळे ॲनाकोंडा निघाले. या बातम्यांची चर्चा तस्करीपुरती होते आणि थांबते. विदेशी साप पाळण्याचा छंद ज्या शहरात रुजतो तेथे हे साप वर्षभर काय खातात, ते अन्न कोण पिकवते आणि उरलेल्याचे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांनी तो विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर उंदीर असे आहे, आणि उंदीर हा शेतीचा विषय आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग, धामण, घोणस, अजगर हे देशी साप घरी पाळता येत नाहीत. त्यामुळे छंद म्हणून साप पाळणारे पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन किंवा उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेक यांसारख्या विदेशी सापांकडे वळतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतील प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. बॉल पायथन या यादीत येतो. सापाच्या नोंदणीची व्यवस्था अशी झाली, परंतु त्या सापाला खाऊ घालण्यासाठी घराच्या गच्चीवर, गॅरेजमध्ये किंवा शेतघरात वाढवलेल्या उंदरांकडे पाहणारी यंत्रणा जवळपास नाही. प्रयोगासाठी प्राणी वाढवणाऱ्यांना १९९८ चे नियम लागू आहेत. दुकानात पाळीव प्राणी म्हणून उंदीर विकणाऱ्यांना २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांखाली नोंदणी करावी लागते. स्वतःच्या सापासाठी घरी पैदास करणारा आणि उरलेले उंदीर ओळखीपाळखीत विकणारा माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो.

उंदराचे गणित

खाद्य म्हणून वाढवले जाणारे उंदीर मुख्यतः दोन प्रकारचे असतात : तपकिरी उंदराचा प्रयोगशाळेत माणसाळलेला, बहुधा पांढरा वंश आणि घरातील लहान उंदराचा तसाच पांढरा वंश. मोठ्या सापाला पहिला लागतो, लहान सापाला दुसरा. मोठ्या उंदराचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो. एका वेतात साधारण ८ ते १२ पिले होतात. पिले तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि पाच-सहा आठवड्यांत प्रजननक्षम होऊ लागतात. मादी व्याल्यावर २४ तासांच्या आत पुन्हा माजावर येते, म्हणून नर त्याच पिंजऱ्यात राहिला तर एका वेतातील पिले दुधावर असतानाच दुसऱ्या वेताची गर्भधारणा झालेली असते.

आता मागणीची बाजू. पूर्ण वाढलेला बॉल पायथन दोन ते चार आठवड्यांतून एक उंदीर खातो, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त २६. विश्रांती देऊन वर्षाला पाच वेते घेतली आणि प्रत्येक वेतात आठच पिले जगली, तरी एका मादीपासून ४० उंदीर मिळतात. एक नर व तीन माद्या असा गट ठेवला तर १२०. नर सतत माद्यांसोबत ठेवल्यास ही संख्या याच्या दुपटीवर जाऊ शकते. शिवाय बॉल पायथन महिनोन्‌महिने अन्न नाकारतो, हे त्याचे ठाऊक असलेले वैशिष्ट्य आहे. साप उपाशी बसला म्हणून उंदरांची वेते थांबत नाहीत. सापाला हव्या त्या वजनाचा उंदीर हव्या त्या दिवशी मिळावा यासाठी नेहमीच गरजेपेक्षा अधिक पिले हाताशी ठेवावी लागतात. घरगुती पैदाशीत शिल्लक राहणे हा अपवाद नसून तिच्या रचनेचाच भाग आहे.

खर्चही दिसतो तितका किरकोळ नाही. पूर्ण वाढलेला उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडे खाद्य खातो. दहा प्रौढ उंदरांना वर्षाला ५५ ते ७३ किलो खाद्य लागते. वाढत्या पिलांचे खाद्य, साळीचे तूस किंवा लाकडाचा भुसा, आठवड्यातून किमान दोनदा सफाई आणि पाण्याच्या बाटल्या हा हिशेब वेगळा. सफाईत हयगय झाली की मूत्रातील अमोनिया साठतो आणि उंदरांत श्वसनाचे विकार पसरतात. पूरक व्यवसाय म्हणून याकडे पाहणाऱ्या तरुणाने कुक्कुटपालनाप्रमाणे येथेही खाद्य, मजुरी, मरतूक आणि विक्रीची खात्री या चार बाबी कागदावर मांडून पाहाव्यात. गिऱ्हाईक मोजकेच असते, त्याचा साप सावकाश खातो आणि एका हंगामात तोच गिऱ्हाईक स्वतः पैदास करू लागतो.

शिल्लक उंदीर जातो कोठे?

ज्या कामात भक्षकासाठी भक्ष्य वाढवावे लागते ते शेतीशास्त्राला नवे नाही. बंगळुरूतील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोमध्ये, तसेच महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळांमध्ये ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाशीच्या उत्पादनासाठी तांदळावरील पतंग, म्हणजे कॉर्सिरा, मोठ्या संख्येने वाढवला जातो. ऊस किंवा कपाशीत ट्रायकोकार्ड लावणाऱ्या शेतकऱ्याला त्यामागची ही साखळी माहीत असते. कॉर्सिरा ही साठवणीतील धान्याची कीड आहे, म्हणून तिची अंडी कार्डावर चिकटवण्यापूर्वी अतिनील किरणांखाली ठेवली जातात. गर्भ मरतो, पण अंडे परोपजीवीच्या उपयोगाचे राहते. जी अंडी ट्रायकोग्रामाने वापरली नाहीत त्यांतून अळी बाहेर पडून शेतकऱ्याच्या घरात नवी कीड पोहोचू नये, हा या साध्या पायरीचा हेतू. भक्ष्य जिवंत बाहेर पडता कामा नये हा नियम प्रयोगशाळेतील प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशी शिकवला जातो.

खाद्य-उंदरांच्या घरगुती पैदाशीला असा कोणताही नियम नाही. छंद ओसरला, घर बदलले, साप मेला किंवा पिले आवरेनाशी झाली की काही उंदीर विकले जातात, काही फुकट दिले जातात आणि काही गटारात किंवा मोकळ्या जागेत सोडले जाण्याचा धोका राहतो. सोडलेला पांढरा उंदीर लगेच मरतो, असा एक समज आहे. ऑक्सफर्डमधील प्राणिवर्तनशास्त्रज्ञ मॅन्युएल बर्डॉय यांनी प्रयोगशाळेतील उंदीर मोकळ्या आवारात सोडून त्यांचे निरीक्षण केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या त्या उंदरांनी अल्पावधीत बिळे खणणे, निवारा शोधणे आणि वसाहत करणे हे रानटी वर्तन पुन्हा दाखवले. भारतात तपकिरी उंदीर दीर्घकाळ मुख्यतः मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा बंदरांच्या शहरांत आढळत आला आहे. समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर त्याचा माणसाळलेला वंश घरोघर वाढवणे आणि तो बाहेर पडणार नाही असे गृहीत धरणे ही जैवसुरक्षेच्या दृष्टीने बेफिकिरी ठरते. गाजरगवताचा अनुभव घेतलेल्या शेतकऱ्याला याहून अधिक समजावण्याची गरज नाही.

पिसू, गोचीड आणि जिवाणू

उंदीर एकटा येत नाही. त्याच्या अंगावर पिसवा, उवा आणि उष्णकटिबंधीय उंदीर-गोचीड हा सूक्ष्म कोळीवर्गीय परजीवी असू शकतो. हा सूक्ष्म गोचीड पिंजऱ्यातील फटींत राहतो, उंदीर कमी झाले की माणसाला चावतो आणि त्वचेवर खाज सुटणारे पुरळ उठवतो. त्वचारोगावर औषध घेत राहणाऱ्या कुटुंबाला त्याचे मूळ गॅलरीतील पिंजऱ्यात आहे हे पुष्कळदा उमगत नाही. पिंजऱ्याखाली सांडलेले धान्य रानटी काळ्या उंदराला बोलावते, आणि त्याच्यासोबत त्याच्या पिसवा येतात. प्रयोगशाळेतून आणलेला उंदीर कितीही स्वच्छ असो, घराच्या परिसरातील उंदरांशी त्याचा संपर्क आला की तो स्वच्छ राहत नाही.

याचे ऐतिहासिक भान बंगळुरूला आणि मराठवाड्याला सारखेच असायला हवे. १८९८ मध्ये प्लेग रेल्वेने बंगळुरूत पोहोचला. शहरात प्लेगअम्मा या देवतेची देवळे उभी राहिली आणि दाट वस्तीतून लोकांना बाहेर काढण्याच्या गरजेने मल्लेश्वरम्, बसवनगुडी या नव्या वसाहतींना वेग आला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीचा प्लेग आढळला. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर धान्याचे साठे आणि उंदरांची संख्या यांचा मेळ बसल्याचे कारण त्या वेळी पुढे आले. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची बंगळुरू येथील शाखा आजही दक्षिण भारतात उंदीर व पिसवांचे प्लेगसाठी सर्वेक्षण करते. पिंजऱ्यातील पांढऱ्या उंदरामुळे प्लेग येईल असा याचा अर्थ नाही. उंदीर, पिसू, धान्य आणि माणूस एकाच छपराखाली ठेवण्याची किंमत या प्रदेशाने मोजलेली आहे, एवढाच तो आहे.

लेप्टोस्पायरोसिस कोकणातील भातशेतकऱ्याला अपरिचित नाही. त्याचे जिवाणू उंदराच्या मूत्रातून पसरतात आणि उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. उंदीर चावल्याने होणारा ताप हा आणखी एक रोग. २०१७ मध्ये अमेरिकेत घरी पाळलेल्या व पैदाशीच्या उंदरांमधून सोल विषाणूचा संसर्ग अनेक राज्यांतील लोकांपर्यंत पोहोचला. ब्रिटन व अमेरिकेत सापांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांतून साल्मोनेलाचा संसर्ग झाल्याची प्रकरणे नोंदवली गेली आहेत. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. ज्या फ्रीजमध्ये दूध व भाजी ठेवली जाते त्याच फ्रीजमध्ये सापाचे खाद्य ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात.

शेतघरातील पैदास आणि विषारी साप

शहरातील सदनिकेपेक्षा शेतघरात जागा मुबलक, भाडे नाही आणि धान्य घरचे, म्हणून हा उद्योग गावाकडे नेण्याची कल्पना सहज सुचू शकते. येथे एक वेगळाच धोका उभा राहतो. उंदरांचा वास आणि वावर जेथे असतो तेथे नाग, घोणस आणि मण्यार येतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक केले. गोठ्याजवळ कडबा आणि धान्य ठेवू नका, घराभोवती उंदरांना थारा देऊ नका, असा सल्ला विस्तार कार्यकर्ते वर्षानुवर्षे देत आले आहेत. घराशेजारी उंदरांचे शंभर पिंजरे मांडणे हा त्या सल्ल्याच्या नेमका उलटा उद्योग आहे.

शेतातील फुकटचा चाकर

या विषयातली सर्वांत खेदाची विसंगती शहर आणि शेत शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसते. शहरातला छंदिष्ट विकतचे खाद्य घालून उंदीर वाढवतो आणि तो सापाला देतो. शेतकरी विकतचे विष घालून उंदीर मारतो आणि उंदीर खाणारी धामण दिसली की काठी उचलतो. मराठी शेतकऱ्याच्या परंपरेत साप क्षेत्रपाल मानला गेला. नागपंचमीला नांगर न धरण्याची रीत अजून अनेक गावांत पाळली जाते. तरीही बिनविषारी धामण बांधावर मारली जाते. लहान घूस, जरबील, मऊ केसांचा उंदीर आणि शेतातील लहान उंदीर हे भात, ऊस, गहू, भुईमूग यांचे प्रमुख नुकसान करणारे उंदीरवर्गीय प्राणी आहेत. साप बिळात शिरून पिलांपर्यंत पोहोचतो, जेथे घुबड किंवा मांजर पोहोचत नाही.

उंदीर नियंत्रणासाठी झिंक फॉस्फाईडचे २ टक्के आमिष किंवा ०.००५ टक्के ब्रोमाडिओलोनचे आमिष वापरण्याची शिफारस आहे आणि प्रादुर्भाव मोठा असताना ते आवश्यकही असते. परंतु ब्रोमाडिओलोन उंदराच्या यकृतात साठते. असा उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडाला, मुंगसाला आणि मांजराला त्याची बाधा होऊ शकते. म्हणून विषाचा वापर बिळांची मोजणी करून, गावाने एकाच वेळी, पीक पोटरीत येण्यापूर्वी करावा आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. शेतात पक्षीथांबे, घुबडांसाठी घरटी आणि धामणीला अभय ही विषाला जोड असावी. यासाठी खर्च जवळपास नाही. सवय मात्र बदलावी लागते.

छंदिष्टांची बाजू

घरी पैदास करणाऱ्यांचे म्हणणे सरसकट फेटाळण्याजोगे नाही. शेतातून किंवा गोदामातून पकडलेला उंदीर सापाला देण्यापेक्षा घरी वाढवलेला उंदीर कितीतरी सुरक्षित असतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. रानटी उंदरात विषाचे अंश, कृमी आणि परजीवी असू शकतात. साप कायदेशीर मार्गाने मिळवलेला व नोंदवलेला असेल तर त्याला योग्य अन्न देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्यच आहे, आणि सापाला शाकाहारी करता येत नाही. सर्पोद्यानांना आणि सर्पविषावर संशोधन करणाऱ्या संस्थांनाही खाद्य-उंदीर लागतात. अशी गरज पशुवैद्यकाच्या देखरेखीखालील नोंदणीकृत पैदास केंद्रांतून भागवता येते.

जिवंत उंदीर सापापुढे टाकण्याचे मात्र कोणतेही समर्थन नाही. कोंडलेला उंदीर सापाला चावतो, आणि भूक नसलेल्या सापाला गंभीर जखमा करतो. करमणुकीखातर एका प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून कोंडणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमात क्रूरता मानले आहे. पाहुण्यांपुढे किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे हा खेळ मांडणाऱ्यांनी ते कलम वाचावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

१. खाद्य-उंदरांची पैदास शेतीपूरक व्यवसाय म्हणून सुचवू नये. बाजारपेठ लहान आहे, नियमन अपुरे आहे आणि घराशेजारी उंदीर व विषारी साप येण्याचा धोका प्रत्यक्ष आहे. भक्ष्य वाढवून उत्पन्न मिळवायचे असेल तर ट्रायकोकार्ड निर्मितीसारखा, विद्यापीठांचे प्रशिक्षण उपलब्ध असलेला मार्ग आहे.

२. जो स्वतःच्या नोंदणीकृत सापासाठी पैदास करतोच आहे, त्याला पुढील पथ्ये सांगावीत : मूळ जोडी खात्रीच्या स्रोताकडून घ्यावी, नर व माद्या वेगळ्या ठेवून गरजेपुरतीच वेते घ्यावीत, पाच आठवड्यांच्या आत पिलांची लिंगानुसार विभागणी करावी, पिंजऱ्याची खोली रानटी उंदीर शिरणार नाही अशी बंदिस्त असावी, खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवावे.

३. उंदीर मारण्याची मानवी पद्धत पशुवैद्यकाकडून शिकून घ्यावी. घरगुती प्रयोग करू नयेत, कारण नवजात पिले वायूला दीर्घकाळ दाद देत नाहीत आणि त्यांचा छळ होतो. सापाचे खाद्य स्वतंत्र शीतपेटीत ठेवावे. हाताळणीनंतर साबणाने हात धुवावेत. ताप आल्यास डॉक्टरांना उंदरांशी संपर्क असल्याचे आवर्जून सांगावे.

४. शिल्लक उंदीर कोणत्याही परिस्थितीत मोकळे सोडू नयेत.

५. गावात देशी साप घरी ठेवणारा किंवा त्यासाठी उंदीर मागणारा कोणी असेल, तर तो कायद्याचा भंग आहे हे त्याला सांगावे आणि वन विभागाला कळवावे. सर्पमित्राचे काम साप सोडवून त्याच्या अधिवासात पोहोचवण्याचे आहे, तो बरणीत ठेवण्याचे नाही.

शासनाच्या पातळीवर एक पाऊल सहज शक्य आहे. विदेशी सापाची नोंदणी करताना त्याच अर्जात त्याचे खाद्य कोठून येते आणि पैदास घरी होत असल्यास उंदरांची संख्या किती, हे दोन रकाने जोडावेत. त्यामुळे पशुसंवर्धन आणि आरोग्य विभागाला निदान ही पैदास कोठे चालते हे कळेल आणि रोगाचे सर्वेक्षण करताना त्या घरांकडे लक्ष देता येईल. तोवर बंगळुरूतील गच्चीवरचा हा छंद सोलापूर, बेळगाव किंवा सांगलीच्या शेतघरात व्यवसाय म्हणून पोहोचण्यापूर्वी त्याचा हिशेब शेतकऱ्यापुढे मांडणे हे विस्तार कार्यकर्त्याच्या हातात आहे. येत्या रब्बीच्या उंदीर नियंत्रण मोहिमेत बिळे मोजताना धामणीचा विषयही त्याच बैठकीत निघावा.